आयन ट्रॅपचे इलेक्ट्रोड: धातू कोणता घ्यायचा आणि तो कसा तपासायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॅल्शियमच्या आयनांसाठी चार पात्यांचा लिनिअर पॉल ट्रॅप, म्हणजे बदलत्या विद्युतक्षेत्राने आयनांना रांगेत धरून ठेवणारा सापळा, बांधायचा आहे. आयनापासून पात्याची धार अर्धा मिलिमीटर, आरएफ (पात्यांना दिलेलं उच्च फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज) साधारण २५ मेगाहर्ट्झ, ५०० व्होल्टच्या आसपास. मॉलिब्डेनमचं कोटेशन बजेटबाहेर गेलं, गाइड म्हणतात सोन्याचा मुलामा दिलेलं स्टेनलेस स्टील घ्या, आणि तुम्ही वाचलेल्या प्रत्येक पेपरात वेगळाच धातू आहे. तेव्हा सगळ्यात चांगला धातू कोणता, आणि व्हॅक्यूम चेंबर बंद करण्याआधी तो चांगला आहे हे कसं तपासायचं?

गेली पंधरा-सोळा वर्षं मी हेच काम करते आहे आणि एवढ्या वर्षांत सहा ट्रॅप हाताखालून गेले. त्या अनुभवावरून सांगते, नुसत्या धातूच्या नावावरून याचं उत्तर देता येत नाही. पात्याच्या आतल्या धातूशी आयनाचा संबंधच येत नाही. त्याला जाणवतो तो वरचा काही अणूंचा थर, आणि त्या थरावर प्लेटरने (मुलामा देणाऱ्याने), बेकिंगने (आतले वायू काढण्यासाठी चेंबर तापवण्याने) आणि तुमच्याच कॅल्शियम ओव्हनने जे काही आणून ठेवलं असेल ते. आतला धातू महत्त्वाचा ठरतो तो वेगळ्या कारणांसाठी: उष्णता, चुंबकत्व, बेकिंगमध्ये होणारं प्रसरण. हे दोन हिशेब वेगळे ठेवले की पेपरांमधली विसंगती बरीचशी सुटते.

आधी ज्याची भीती तुमच्या प्रश्नात दिसते त्याबद्दल, म्हणजे आयन आपोआप तापण्याबद्दल. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या विद्युतक्षेत्राच्या नॉइजमुळे थंड केलेला आयन पुन्हा हलायला लागतो. २००० साली एनआयएसटी या अमेरिकेच्या मोजमाप संस्थेच्या गटाने वेगवेगळ्या आकारांच्या ट्रॅपची मापं एकत्र मांडली, तेव्हा दिसलं की हे तापणं अंतराच्या जवळजवळ चौथ्या घाताने बदलतं. म्हणजे अंतर निम्मं केलं की तापण्याचा वेग सोळा पट. २००६ मध्ये मिशिगन विद्यापीठात टंगस्टनच्या दोन सुया समोरासमोर ठेवून, त्या जवळ-लांब सरकवत एकाच ट्रॅपमध्ये हे मोजलं गेलं. घात साडेतीनच्या आसपास आला, आणि सुया १५० केल्व्हिनपर्यंत थंड केल्यावर तापणं साधारण दहा पटीने कमी झालं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण धातू तोच, सुया त्याच, बदललं ते फक्त अंतर आणि तापमान.

आता तुमचा आकडा बघा. चिपवरच्या ट्रॅपमध्ये आयन पृष्ठभागापासून ५० मायक्रॉनवर असतो, तुमच्याकडे ५०० वर. दहा पट अंतर, म्हणजे ढोबळमानाने दहा हजार पट कमी त्रास. चिप ट्रॅपवाले सेकंदाला शेकडो-हजारो क्वांटांशी (आयनाच्या हालचालीतल्या ऊर्जेच्या पायऱ्यांशी) झगडतात आणि त्यांचेच पेपर जास्त निघतात, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की सगळ्यांचं दुखणं तेच आहे. तुमच्या मापाच्या ट्रॅपमध्ये सेकंदाला काही क्वांटा एवढ्यावर यायला हवं. त्यापेक्षा बरंच जास्त दिसलं तर धातूवर खापर फोडण्याआधी पॉवर सप्लाय तपासा. त्याकडे पुढे येते.

धातू बदलून हा नॉइज जातो का? याची दोन उत्तरं प्रयोगातूनच मिळाली आहेत. एमआयटीत २०१० मध्ये नायोबियमचे ट्रॅप अतिवाहक (रोध नाहीसा होतो अशा) अवस्थेत आणि साध्या अवस्थेत मोजले. तापण्यात म्हणण्यासारखा फरक आला नाही. धातूच्या आतल्या रोधामुळे नॉइज येत असता, तर अतिवाहक होताच तो कोसळायला हवा होता. दुसरं उत्तर एनआयएसटीचं. २०१२ मध्ये त्यांनी सोन्याचा ट्रॅप चेंबरमध्येच आर्गॉनच्या आयनांनी घासून साफ केला आणि नॉइज शंभर पटीने उतरला. सोनं तेच, वर बसलेला कार्बनचा पातळ थर तेवढा गेला. बेकिंग करताना चेंबरमधली हायड्रोकार्बनं सोन्यावर येऊन बसतात. सोनं गंजत नाही म्हणून ते स्वच्छ असतं, असं समजू नका.

मग धातू निवडायचा कशावर? माझ्या अनुभवात तुमच्या मापाच्या ट्रॅपला चार गोष्टी छळतात. उतरत्या क्रमाने सांगते.

पहिली म्हणजे भार साठणं. तुमचे लेसर ३९७ नॅनोमीटरचे, शिवाय फोटोआयनीकरणाला (प्रकाशाने अणूचा आयन करायला) ४२३ आणि ३७५. ३९७ च्या फोटॉनची ऊर्जा ३.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. स्वच्छ सोन्याचं कार्यफलन (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा) पाचच्या वर, मॉलिब्डेनम आणि टंगस्टनचं साडेचारच्या आसपास, म्हणजे कागदावर इलेक्ट्रॉन सुटायला नको. ॲल्युमिनियमचंही चारच्या वर आहे, पण त्याच्यावर हवेत लगेच काही नॅनोमीटरचा ऑक्साइड चढतो, आणि तो निरोधक असल्याने भार धरून ठेवतो. एमआयटीच्याच गटाने सोनं, तांबं आणि ॲल्युमिनियमवर लेसर मारून तुलना केली होती. त्यात ॲल्युमिनियम भार साठवण्यात उघडपणे वाईट ठरलं, आणि तरंगलांबी जितकी कमी तितका त्रास जास्त. म्हणून उघडं ॲल्युमिनियम तुम्ही घेऊ नका. स्टीलवर आणि टायटॅनियमवरही ऑक्साइड असतोच, सोन्याचा थर द्यायचा तो मुख्यतः यासाठी.

पण या सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे कॅल्शियम. त्याचं कार्यफलन जेमतेम २.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ओव्हनमधून आलेलं कॅल्शियम पात्यावर बसलं की त्या ठिपक्यावरून तुमचा ३९७ चा भरकटलेला प्रकाशही इलेक्ट्रॉन काढू शकतो. माझ्या दुसऱ्या ट्रॅपमध्ये हे झालं. रोज सकाळी मायक्रोमोशन (आरएफमुळे आयनाचं होणारं बारीक थरथरणं) घालवण्यासाठीचं व्होल्टेज आदल्या दिवशीपेक्षा वेगळं यायचं, आणि ज्या दिवशी आयन पुन्हा लोड करावे लागत त्या दिवशी ते उडी मारायचं. दोन महिने आम्ही कनेक्टर, ग्राउंड, सप्लाय सगळं बदलून पाहिलं. शेवटी वहीत लोडिंगच्या वेळा आणि व्होल्टेज शेजारी शेजारी लिहिल्यावर पॅटर्न दिसला. चेंबर उघडलं तेव्हा ओव्हनच्या बाजूच्या पात्यावर, टॉर्च तिरका धरल्यावरच दिसेल असा राखाडी पट्टा होता. तेव्हापासून ओव्हनसमोर मी बारीक फट असलेली पट्टी लावते, म्हणजे वाफेचा झोत पात्यांच्या मधल्या जागेतून जातो आणि धारांवर पडत नाही. धातूवर हजारो रुपये घालवण्याआधी ही पट्टी करून घ्या.

दुसरी गोष्ट चुंबकत्व, आणि इथे प्लेटिंगवाल्यांशी स्पष्ट बोलायला लागतं. स्टीलवर सोनं चढवायचं म्हटलं की प्लेटर आधी निकेलचा थर देतो. त्याच्या दृष्टीने तेच बरोबर, कारण त्याच्याकडे येणारं बहुतेक काम कनेक्टरचं असतं, आणि निकेलमुळे सोनं नीट धरतं. तुमच्या दृष्टीने ते आयनाशेजारी ठेवलेलं चुंबक. मी एकदा ऑर्डरमध्ये फक्त 'गोल्ड प्लेटिंग, पाच मायक्रॉन' एवढंच लिहिलं आणि पाती चकचकीत होऊन आली. ट्रॅप चालू झाल्यावर रांगेतल्या दोन टोकांच्या आयनांच्या झीमन रेषा (चुंबकक्षेत्राने सरकणाऱ्या वर्णरेषा) जुळेनात. कॅल्शियमच्या मूळ पातळीत मायक्रोटेस्लाला २८ किलोहर्ट्झ एवढा फरक पडतो, त्यामुळे क्षेत्रातला छोटा उतारही लपत नाही. चूक प्लेटरची नव्हती, मी विचारलंच नव्हतं. आता ऑर्डरमध्ये तीन ओळी ठरलेल्या असतात: खाली साधं निकेल नको, सोनं शुद्ध, मऊ, कोबाल्ट किंवा निकेल न मिसळलेलं, कारण 'हार्ड गोल्ड'मध्ये बहुधा कोबाल्ट किंवा निकेल असतं, आणि चमक आणणारी रसायनं नकोत.

निकेल काढलं तर खाली काय? नुसत्या तांब्यावर सोनं दिलं तर बेकिंगच्या तापमानाला दोन्ही एकमेकांत मुरतात आणि काही दिवसांत वर तांबं दिसायला लागतं. फॉस्फरस भरपूर असलेलं रासायनिक निकेल चुंबकीय नसतं आणि अडसर म्हणून चालतं, पण प्लेटर फॉस्फरसचं प्रमाण सांगू शकला पाहिजे, आणि नंतर ते फार तापवायचं नाही. माझी पसंती प्लेटिंग टाळण्यालाच आहे. व्हॅक्यूममध्ये स्पटरिंग करून (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून त्यांचा पातळ थर चढवून) आधी २० नॅनोमीटर टायटॅनियम, त्यावर एक मायक्रॉन सोनं. क्रोमियमचा थर पुष्कळ जण देतात, पण ते तापल्यावर सोन्याच्या कणांच्या सीमांमधून वर सरकतं आणि पृष्ठभागावर ऑक्साइड होतं. स्पटरिंग करताना पातं फिरतं राहिलं पाहिजे, नाहीतर धारेच्या एका अंगाला सोनं पोचतच नाही. आणि आयनाला सगळ्यात जास्त दिसते ती धारच.

तिसरी गोष्ट प्रसरण. याचा विचार लोक उशिरा करतात. समजा तुमची पाती ४० मिलिमीटर लांब आहेत आणि ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकच्या) बैठकीवर बसवलीत. २०० अंशांवर बेक केलं की स्टील आणि ॲल्युमिनाच्या लांबीत साधारण ६० मायक्रॉनचा फरक पडतो. टायटॅनियम घेतलं तर तोच फरक दहा-बारा मायक्रॉन. अर्ध्या मिलिमीटरच्या ट्रॅपमध्ये ६० मायक्रॉन म्हणजे मायक्रोस्कोपखाली दोन दिवस घालवून जुळवलेली पाती थंड झाल्यावर त्याच जागी येतील याची खात्री नाही. एक टोक घट्ट, दुसरं सरकतं अशी बैठक केली तर स्टीलही चालतं. पण दोन्ही टोकं आवळायची असतील तर टायटॅनियम घ्या. मॉलिब्डेनम उत्तमच आहे, कडक आहे, उष्णता चांगली वाहतं, पण ते ठिसूळ असतं. बारीक धार करताना कडा उडते, आणि मग त्याचा खर्च दुप्पट होतो.

चौथी गोष्ट उष्णता. दहा पिकोफॅरडचा ट्रॅप, २५ मेगाहर्ट्झ, ५०० व्होल्ट, म्हणजे पात्यांमधून पाऊण अँपियरपेक्षा थोडा जास्त प्रवाह ये-जा करतो. या फ्रिक्वेन्सीला तो सोन्यात पंधराएक मायक्रॉन खोल शिरतो, स्टीलमध्ये ऐंशीच्या वर. म्हणजे तुमचा एक मायक्रॉनचा मुलामा प्रवाहाला पुरत नाही, बराचसा प्रवाह खालच्या स्टीलमधूनच जातो. पण पातं रुंद असल्यामुळे त्याचा रोध मुळात थोडाच असतो. मला जिथे जिथे ट्रॅप गरम सापडला तिथे दोष जोडांमध्ये होता: ढिला स्क्रू, फीडथ्रूवरची (तारा चेंबरच्या भिंतीतून आत नेणाऱ्या जोडावरची) बारीक तार, नीट न बसलेलं स्पॉट वेल्डिंग. त्याखालोखाल बैठक. मॅकॉर हे काचमिश्रित सिरॅमिक कापायला सोपं म्हणून सगळे वापरतात, पण ते उष्णता जवळजवळ वाहतच नाही. ॲल्युमिना त्याच्या पंधरा-वीस पट चांगलं, ॲल्युमिनियम नायट्राइड त्याहून बरंच पुढे. आयनांची अणुघड्याळं बांधणाऱ्यांना हे फार जपावं लागतं, कारण गरम इलेक्ट्रोडच्या प्रारणामुळे घड्याळाची रेषाच सरकते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत इटर्बियम आयनाच्या घड्याळाचं काम चालू आहे, तशा कामात ट्रॅपचं तापमान हा मोजमापाचाच एक भाग असतो. तुमचं काम घड्याळाचं नसेल तर ॲल्युमिना पुरे.

बनवण्याबद्दल थोडं. पाती वायर-कटवर (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्रावर) करून घ्या. भोसरीत किंवा तुमच्या जवळच्या एमआयडीसीत असं जॉबवर्क सहज होतं. मात्र वायर पितळेची असते, आणि कापलेल्या जागेवर वितळून पुन्हा घट्ट झालेला एक थर राहतो, त्यात वायरचं तांबं-जस्त मिसळलेलं असतं. जस्त व्हॅक्यूमला चालत नाही, बेकिंगमध्ये ते उडून दुसरीकडे बसतं. म्हणून एका रफ कटनंतर दोन-तीन हलके कट मागा, आणि मग इलेक्ट्रोपॉलिशिंगने वरचे दहा-वीस मायक्रॉन काढून टाका. तेवढं माप ड्रॉइंगमध्ये आधीच धरा. नंतर साबणाचं द्रावण, डीआय (आयन काढलेलं) पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल या क्रमाने अल्ट्रासॉनिकमध्ये. ॲसिटोन पात्यावर वाळू देऊ नका, ओलं असतानाच पुढच्या भांड्यात टाका. शेवटी चिमट्यात धरून, धार खाली ठेवून, नायट्रोजनने वरून खाली फुंका. मग खिडकीजवळ तिरक्या उजेडात बघा. धारेजवळ निळसर कड किंवा वाळलेल्या थेंबाची गोल रेघ दिसली, तर पुन्हा पहिल्या भांड्यापासून. नुसतं आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवून ती रेघ जात नाही, मी करून पाहिलं आहे.

आता तपासणी. पात्यांबरोबर त्याच धातूच्या, त्याच वायर-कटच्या, त्याच बॅचमध्ये मुलामा दिलेल्या नमुनापट्ट्या करून घ्या, चार-पाच तरी. सगळ्या वाईट परीक्षा त्यांच्यावर करायच्या. चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा, सोनं निघालं तर बॅच परत. एक पट्टी बेकिंगच्या तापमानाला आठवडाभर ठेवा आणि आधीच्या पट्टीशेजारी धरून रंग बघा. तांबूस किंवा मळकट झाली असेल तर खालचा थर वर येतोय. एक पट्टी रेशमी दोऱ्याला टांगा आणि नियोडिमियमचं चुंबक हळूहळू जवळ न्या. पट्टी चुंबकाकडे वळली तर ती पाती ट्रॅपमध्ये जाणार नाहीत. सोपी परीक्षा आहे, आणि मी ती आधी केली असती तर झीमन रेषांचे ते महिने वाचले असते.

ट्रॅप जुळल्यावर, चेंबरबाहेर, प्रत्येक इलेक्ट्रोडची धारकता मोजा, जोडांचा रोध चार तारांनी मोजा. आरएफचं व्होल्टेज वाढवून देणाऱ्या हेलिकल रेझोनेटरला आधी चांगला सिरॅमिक कपॅसिटर लावून क्यू (शक्ती किती कमी वाया जाते त्याचं माप) मोजा, मग ट्रॅप लावून. क्यू खूप पडला तर ट्रॅपमध्ये कुठेतरी शक्ती वाया जाते आहे. तो जोड आत्ताच शोधा, बेकिंगनंतर नाही.

एक इशारा मनापासून देते. चेंबर अर्धवट रिकामं असताना आरएफ लावू नका. हवेत ५०० व्होल्टने काही होत नाही आणि चांगल्या व्हॅक्यूममध्येही होत नाही, पण मधल्या दाबाला, मिलिबारच्या आसपास, हवेचं विघटन सव्वातीनशे व्होल्टलाही होऊ शकतं. पात्यांमध्ये जांभळा उजेड दिसला की सोन्याच्या धारेचं नुकसान झालंच म्हणून समजा. दाब १० चा उणे सहावा घात मिलिबारच्या खाली गेल्याशिवाय मी आरएफच्या बटणाला हात लावू देत नाही. त्यानंतरही व्होल्टेज तासाभरात हळूहळू चढवायचं, दाबाच्या मीटरकडे बघत.

खरी परीक्षा आयनच घेतो. पहिले दोन आठवडे रोज मायक्रोमोशनची भरपाई करा आणि व्होल्टेज वहीत लिहा: लोडिंगच्या आधी, नंतर, ३७५ चा लेसर तासभर चालू ठेवल्यावर. आकडे स्थिर राहिले तर पृष्ठभाग बरा आहे. मग तापणं मोजा. आयन मूळ अवस्थेपर्यंत थंड करा, लेसर बंद ठेवून थांबा, आणि लाल-निळ्या साइडबँडच्या (आयनाच्या हालचालीमुळे मुख्य रेषेच्या दोन बाजूंना येणाऱ्या रेषांच्या) गुणोत्तरावरून क्वांटा काढा. तुमच्या ट्रॅपमध्ये थांबण्याचा वेळ शे-दोनशे मिलिसेकंदापर्यंत न्यावा लागेल, नाहीतर उतार दिसणारच नाही. हेच आयनाच्या हेलकाव्याच्या तीन-चार वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना करा, समजा ०.७ पासून १.५ मेगाहर्ट्झपर्यंत. पृष्ठभागाचा नॉइज फ्रिक्वेन्सी वाढली की सलगपणे उतरत जातो. मध्येच एखादं टोक वर आलं, तर तो स्विचिंग सप्लाय किंवा डीएसी (आकड्यांवरून व्होल्टेज देणारा भाग) बोलतो आहे. सप्लाय काढून इलेक्ट्रोड फिल्टरच्या कपॅसिटरवर तसेच तरंगत ठेवा आणि पुन्हा मोजा. तापणं कमी झालं तर इलेक्ट्रोड निर्दोष.

इथे किती बारकाईने बघावं लागतं त्याचा अंदाज देते. १ मेगाहर्ट्झला सेकंदाला एक क्वांटम एवढं तापवायला मीटरला ८० नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ एवढं क्षेत्र पुरतं. टोकाच्या इलेक्ट्रोडवरच्या एका व्होल्टने आयनाजवळ २०० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र पडत असेल, तर त्यासाठी ०.४ नॅनोव्होल्टचा नॉइज लागतो. दहा ओहमचा साधा रोध खोलीच्या तापमानाला तेवढा नॉइज स्वतःच देतो. म्हणून फिल्टरचा शेवटचा कपॅसिटर फीडथ्रूला चिकटून हवा आणि त्याच्यापुढे कुठलाही रोध नको.

तुमच्या जागी मी असते तर टायटॅनियम ग्रेड २ ची पाती घेतली असती, ॲल्युमिनाच्या बैठकीवर, वर स्पटरिंगने टायटॅनियम आणि एक मायक्रॉन सोनं. स्पटरिंगची सोय नसेल तर ३१६एल स्टील, फॉस्फरसवाल्या निकेलवर मऊ सोनं, एका टोकाला सरकती बैठक, आणि चुंबकाची परीक्षा न चुकता. दोन्हींत मॉलिब्डेनमचे पैसे वाचतात. त्या पैशांतून दोन पाती जास्तीची करून घ्या आणि उरलेल्या नमुनापट्ट्यांबरोबर डेसिकेटरमध्ये ठेवा, बॅचची तारीख लिहून. दीड-दोन वर्षांनी चेंबर उघडाल तेव्हा आतलं पातं त्या न वापरलेल्या पात्याशेजारी धरून बघता येईल की काय बदललं ते.